दिल्लीची दूब आणि सावकाश सुटणारं नत्र

काचेचे तीन ग्लास घ्या आणि तिन्हींत साधं पाणी भरा. पहिल्यात कोणत्याही खताच्या दुकानात मिळणारा निमकोटेड युरिया चमचाभर टाका. दुसऱ्यात गंधकाचं आवरण दिलेला युरिया टाका आणि तिसऱ्यात कुंड्यांसाठी छोट्या पाकिटांत मिळणारे पॉलिमरच्या आवरणाचे गोल दाणे. पहिल्या ग्लासातले दाणे काही मिनिटांत दिसेनासे होतात आणि ग्लास हाताला गार लागतो, कारण युरिया विरघळताना पाण्यातली उष्णता घेतो. दुसऱ्या ग्लासातले काही दाणे लवकर फुटतात, काही दिवसभर टिकतात आणि काही तर दोन-तीन दिवसांनीही पिवळसर कवच सांभाळून तळाशी बसलेले असतात. तिसऱ्या ग्लासात मात्र काहीच घडत नाही असं वाटतं. पंधरवड्यानंतर एखादा दाणा काढून बोटांत दाबला तर तो मऊ लागतो आणि आतून खारट पाणी निघतं.

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद या पट्ट्यात सोसायट्यांच्या, शाळांच्या आणि बंगल्यांच्या हिरवळीवर पडतं ते बहुतेक पहिल्या ग्लासातलं खत. त्याला नीम लावलेला असतो, म्हणून ते सावकाश मिळणारं खत आहे, असा समज घट्ट बसलेला आहे. ग्लासात तर ते सावकाश विरघळत नाही. मग नीम नेमकं काय सावकाश करतो? गंधक काय करतं, पॉलिमर काय करतं, आणि या प्रत्येकाला गवत काय उत्तर देतं? हे समजलं की खर्च कमी होतो, गवत चांगलं राहतं आणि जमिनीखालच्या पाण्याचंही थोडं रक्षण होतं. माझ्या मते दिल्लीच्या हिरवळीची निम्मी दुखणी खताच्या कमतरतेची नाहीत, ती खताच्या वेळेची आहेत.

आधी गवताकडे पाहू. दिल्लीकर ज्याला दूब म्हणतात ती आपली हरळी. महाराष्ट्रातला शेतकरी उन्हाळाभर जिच्या काशा वेचून बांधावर टाकतो, तीच इथे पैसे देऊन लावली जाते. गणपतीला वाहतो त्या दूर्वाही याच कुळातल्या. राष्ट्रपती भवनाच्या बागेतली, म्हणजे पूर्वीच्या मुघल गार्डनमधली आणि जानेवारी २०२३ पासून अमृत उद्यान म्हणवणाऱ्या बागेतली दूब लागवडीच्या वेळी कलकत्त्याच्या बेल्वेडियर इस्टेटमधून आणली होती. तिथली प्रथा लक्षात ठेवण्यासारखी आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी तिथलं गवत पूर्ण काढतात, नवी माती पसरतात आणि तीन आठवड्यांत हिरवळ पुन्हा उभी राहते. पान गेलं तरी हरळी मरत नाही. तिचा जीव काशांत आणि जमिनीवर धावणाऱ्या काड्यांत असतो. त्यांत साठवलेल्या साखरेवर आणि पिठूळ द्रव्यावर ती नव्याने फुटते. ही साठवण पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

हरळी उष्ण हवेतलं गवत आहे. तापमान २७ ते ३५ अंशांच्या आसपास असलं की ती जोमाने वाढते. पारा पंधराच्या खाली गेला की वाढ रेंगाळते आणि माती दहा अंशांच्या जवळ आली की गवत झोपी जातं, पानं गव्हाळ होतात. दिल्लीत जानेवारीत किमान तापमान सरासरी सात-आठ अंशांवर असतं, त्यामुळे डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत दूब तपकिरी पडणं अगदी नैसर्गिक आहे. पुण्याहून किंवा नाशिकहून इथे आलेल्यांना याचं दरवर्षी नव्याने वाईट वाटतं, कारण तिकडच्या थंडीत हरळी फिकी पडते पण सहसा पूर्ण झोपत नाही. तिकडचं खताचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं लावलं की गडबड होते ती म्हणूनच.

हिरवळीचा दुसरा मोठा प्रकार म्हणजे कोरियन ग्रास, मखमलीसारखं बारीक पानाचं. ते हरळीपेक्षा हळू वाढतं आणि त्याची नत्राची भूकही बरीच कमी असते. हरळीच्या मापाने त्याला खत घातलं तर ते गाद्यांसारखं फुगतं आणि खाली मेलेल्या काड्यांचा जाड थर साठतो. पुढचं विवेचन मुख्यतः हरळीचं आहे; कोरियनला साधारण निम्मं धरावं.

आता नत्र गवतात शिरल्यावर काय होतं ते पाहू. निरोगी हरळीच्या वाळवलेल्या पानात वजनाच्या तीन ते पाच टक्के नत्र असतं. ते हरितद्रव्यात असतं आणि पानातल्या प्रथिनांत असतं. मुळांनी नत्र घेतलं की त्याचं प्रथिनांत रूपांतर करायला गवताला कर्बाचा सांगाडा लागतो, म्हणजे प्रकाशात तयार झालेली साखर लागते. नत्र थोडं थोडं आलं तर रोजच्या साखरेत काम भागतं, आणि उरलेली साखर मुळांना व काशांना जाते. नत्र एकदम आलं तर गवत आधी पानं वाढवतं. रोजची साखर पुरत नाही, मग साठवणीतली काढली जाते. वरून हिरवळ झळाळते आणि त्याच वेळी खाली मुळांची वाढ थांबलेली असते. गवताचा एक चौकोन खुरप्याने उचलून पाहिला की हे डोळ्यांना दिसतं. भरमसाट युरिया खाल्लेल्या हरळीची पांढरी मुळं बोटभर खोलही गेलेली नसतात, आणि शेजारच्या दुर्लक्षित तुकड्यातली मुळं मात्र वीतभर उतरलेली असतात.

विरघळणाऱ्या खताला गवताचा प्रतिसाद एका ठरलेल्या वळणाने जातो. उष्ण हवेत पाणी दिलेल्या हिरवळीवर युरिया पडला की चार-पाच दिवसांत रंग गडद होतो. दुसऱ्या आठवड्यात वाढ शिगेला पोचते आणि लॉनमूवरची पिशवी दुप्पट वेगाने भरते. चौथ्या आठवड्याच्या पुढे रंग उतरू लागतो, सहाव्या आठवड्यापर्यंत गवत पुन्हा होतं तिथेच येतं. मग माळी म्हणतो, "घास भूखी है," आणि पुन्हा मूठभर युरिया पडतो. सावकाश सुटणाऱ्या नत्राला मिळणारा प्रतिसाद याहून बसका असतो. पहिल्या आठवड्यात फारसं काही दिसत नाही, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हिरवेपणा भरतो आणि तो दोन ते तीन महिने साधारण एका पातळीवर राहतो. शिखर ठेंगणं आणि पठार लांब. कापलेल्या गवताचं एकूण वजन कधीकधी दोन्ही पद्धतींत जवळपास सारखंच भरतं, फरक असतो तो ते कोणत्या आठवड्यात निघालं याचा. ज्यांना झटपट झळाळी हवी असते ते सावकाश खतावर लवकर नाराज होतात. त्यांनी दहाव्या दिवशी निकाल लावू नये. महिनाभर थांबावं.

नत्राला मातीत कुठे कुठे गळती लागते, हे या विषयाचं खरं मर्म आहे आणि दिल्लीची माती त्यात मोठी भूमिका करते. यमुनेच्या गाळाची ही जमीन बहुतेक ठिकाणी रेताड-पोयट्याची आहे आणि तिचा सामू साडेसातच्या वर, कित्येक ठिकाणी आठच्याही वर असतो. युरिया मातीत विरघळला की युरिएज नावाचं विकर दोन ते चार दिवसांत त्याचं अमोनियात रूपांतर करतं. हे विकर मातीत असतंच, पण गवताच्या पानांवर आणि बुंध्याशी साठलेल्या मेलेल्या काड्यांच्या थरात ते आणखी भरपूर असतं. या क्रियेत दाण्याभोवतीच्या मातीचा सामू थोडा काळ नऊच्या आसपास चढतो. माती आधीच विम्लधर्मी असेल, दाणा वरच पडून राहिला असेल आणि ऊन तापलं असेल, तर अमोनिया वायू होऊन सरळ हवेत जातो. वाईट परिस्थितीत घातलेल्या नत्राचा तिसरा हिस्सासुद्धा असा उडू शकतो. गंगा-यमुनेचं मैदान हा जगातल्या सर्वाधिक अमोनिया असलेल्या पट्ट्यांपैकी एक आहे आणि हाच अमोनिया हवेतल्या आम्लांशी मिळून सूक्ष्म धूलिकण बनवतो. त्यात हिरवळींचा वाटा शेतीच्या तुलनेत अगदी किरकोळ आहे. तरीही ज्या शहराला हिवाळ्यात श्वास घेणं जड जातं, तिथे हौसेच्या गवतातून अमोनिया उडवणं मला पटत नाही.

जे अमोनियम मातीत टिकतं ते मातीच्या कणांना चिकटून राहतं. पण ओल आणि ऊब मिळाली की मातीतले जिवाणू दोन-तीन आठवड्यांत त्याचं नायट्रेट करून टाकतात. नायट्रेट मातीला चिकटत नाही, ते पाण्याबरोबर चालतं. २८ जून २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत २२८.१ मिलिमीटर पाऊस पडला. अशा पावसाच्या आठ दिवस आधी ज्यांनी युरिया फेकला असेल, त्यांच्या नत्रापैकी किती मुळांपाशी राहिलं असेल याची कल्पना करता येते. रेताड जमिनीत ते मुळांच्या खाली उतरतं, आणि जिथे पाणी तुंबतं तिथे जिवाणू त्याचा नायट्रस ऑक्साइड व नत्रवायू करून हवेत सोडतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि दिल्लीतल्या अनेक ठिकाणचं भूजल ती ओलांडतं. त्याला मुख्य कारण सांडपाणी आहे, पण त्यात आपण भर घालू नये.

तर गळतीच्या जागा दोन आहेत. पहिली, युरियाचा अमोनिया होतो तिथे. दुसरी, अमोनियमचं नायट्रेट होतं तिथे. शिवाय एक पायरी त्याहूनही आधीची, म्हणजे दाणा पाण्यात विरघळतो ती. प्रत्येक 'सावकाश' खत यांपैकी एखाद्या पायरीलाच लगाम घालतं, सगळ्यांना नाही.

नीमचा लगाम नायट्रेट होण्याच्या पायरीवर आहे. कडुनिंबाच्या बियांतली काही कडू द्रव्यं अमोनियमचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना मंदावतात. हे काम मुळात दिल्लीचंच. पुसा इथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. राजेंद्र प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भातासाठी नीम लावलेल्या युरियावर संशोधन केलं. कारखान्यात मोठ्या प्रमाणावर लेप देण्याची पद्धत नॅशनल फर्टिलायझर्सने पानिपतच्या प्रकल्पात बसवली, आणि पानिपत राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच येतं. २०१५ मध्ये केंद्र सरकारने देशात तयार होणारा सगळा अनुदानित युरिया निमकोटेड करणं सक्तीचं केलं. खत नियंत्रण आदेशात लेपातल्या नीम तेलाचं किमान प्रमाण ०.०३५ टक्के आहे, म्हणजे एका टनाला साडेतीनशे ग्रॅम. एवढा पातळ लेप पाणी अडवू शकत नाही आणि अडवावं अशी अपेक्षाही नाही. म्हणून ग्लासात तो दाणा साध्या युरियासारखाच विरघळतो.

याचा हिरवळीवरचा अर्थ नीट समजून घ्या. निमकोटेड युरियाने पहिल्या पंधरवड्याची उसळी फारशी कमी होत नाही, कारण गवत अमोनियमही आनंदाने घेतं. फायदा होतो तो पावसात नायट्रेट वाहून जाण्याच्या बाबतीत. आणि एक धोका मात्र वाढू शकतो. नत्र जास्त दिवस अमोनियमच्या रूपात राहिलं आणि वर पाणी दिलं नाही, तर विम्लधर्मी मातीतून अमोनिया उडायला जास्त वेळ मिळतो. त्यामुळे निमकोटेड युरिया टाकून 'नीम आहे, आता काळजी नाही' म्हणत पाणी न देणं हे दिल्लीच्या मातीत उलटं पडतं. खत टाकल्यावर त्याच दिवशी चौरस मीटरला पाच-सहा लिटर पाणी द्यावं, म्हणजे दाणा विरघळून बोटभर खाली जातो आणि माती त्याला धरून ठेवते. त्याहून जास्त दिलं तर ते नत्राला मुळांच्याही खाली नेतं.

गंधकाचा लगाम विरघळण्याच्या पायरीवर आहे. अमेरिकेत टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीच्या अलाबामामधल्या मसल शोल्स इथल्या खत केंद्राने १९६० च्या दशकात तापलेल्या युरियावर वितळलेलं गंधक फवारून हा प्रकार विकसित केला. गंधकाचं कवच काचेसारखं ठिसूळ असतं. त्याला टाचणीच्या टोकाहून बारीक छिद्रं आणि तडे असतात. पाणी आत गेलं की दाणा थेंब थेंब न झरता एकदमच रिकामा होतो. सावकाशपणा येतो तो दाण्यादाण्यातल्या फरकामुळे, कारण पातळ कवचाचा दाणा आज फुटतो आणि जाड कवचाचा दोन महिन्यांनी. लॉनमूवरच्या चाकाखाली आला तर तो तत्क्षणी फुटतो, हेही ध्यानात ठेवावं. भारतात 'युरिया गोल्ड' या नावाने गंधकलेपित युरिया २७ जुलै २०२३ रोजी राजस्थानातल्या सीकर इथे पंतप्रधानांनी देशाला अर्पण केला. त्यात ३७ टक्के नत्र आणि १७ टक्के गंधक असतं. हे गंधक मातीतले जिवाणू हळूहळू आम्लात बदलतात, आणि दिल्लीच्या चढ्या सामूच्या मातीला ते बरंच आहे, जरी त्याने एका मोसमात मोठा फरक पडत नसला तरी.

पॉलिमरच्या आवरणाचं खत सगळ्यांत नेमकं आणि सगळ्यांत महाग. पाण्याची वाफ आवरणातून आत शिरते, आतलं खत विरघळतं आणि तो द्राव आवरणातून हळूहळू बाहेर झिरपतो. झिरपण्याचा वेग जवळपास केवळ तापमानावर ठरतो, आणि इथेच दिल्लीकर फसतात. पाकिटावर 'तीन ते चार महिने' असं लिहिलेलं असतं तेव्हा ते बहुधा २१ किंवा २५ अंशांच्या मातीसाठी असतं. तापमान दहा अंशांनी चढलं की वेग साधारण दुप्पट होतो. मे-जूनमध्ये उघड्या उन्हातल्या हिरवळीखालची वरची माती ३५ अंशांच्या पुढे सहज जाते, तेव्हा चार महिन्यांचं खत दोनच महिन्यांत संपू शकतं. शिवाय रिकामी कवचं मातीत राहतात. या कारणासाठी युरोपीय संघाने २०१९ च्या खतविषयक नियमांत असं आवरण पुढे जैवविघटनशील असण्याची अट घातली आहे. घरच्या मोठ्या हिरवळीवर हे खत घालण्याचं मला समर्थनीय कारण दिसत नाही. कुंड्यांना ठीक आहे.

याशिवाय युरिया आणि फॉर्मल्डिहाइडच्या संयोगाचं यूरियाफॉर्म असतं. त्यात ३८ टक्के नत्र असतं, पण ते मातीतल्या जिवाणूंनी फोडल्याशिवाय मोकळं होत नाही. थंडीत जिवाणू मंदावले की तेही मंदावतं. आयबीडीयू नावाचं ३१ टक्के नत्राचं खत मात्र जिवाणूंवर अवलंबून नसतं, ते नुसत्या ओलीने फुटतं. म्हणून जिथे थंडीत हरळीवर राईग्रास पेरून हिरवेपणा टिकवतात, तिथे तांत्रिकदृष्ट्या तेच जास्त योग्य. या दोघांचा आणखी एक गुण खाऱ्या बोअरच्या पाण्यावर हिरवळ राखणाऱ्यांनी, विशेषतः गुरुग्राम आणि नजफगढकडच्या मंडळींनी लक्षात ठेवावा. खताच्या खारेपणाचा निर्देशांक सोडियम नायट्रेटला १०० धरून काढतात. त्यात युरिया ७५ च्या आसपास येतो, तर यूरियाफॉर्म १० च्या आणि आयबीडीयू ५ च्या आसपास. पाणीच खारं असताना विरघळणाऱ्या खताचा मोठा हप्ता पानांची टोकं जाळतो.

आणि शेवटी निंबोळी पेंड. मला विचाराल तर दिल्लीच्या घरगुती हिरवळीसाठी सावकाश खतांत हीच सर्वांत जवळची. तिच्यात चार ते पाच टक्के नत्र असतं, ते प्रथिनांच्या रूपात असतं आणि जिवाणू ते सहा ते दहा आठवड्यांत मोकळं करतात. माती गार असेल तर पेंड थांबून राहते, ऊबदार आणि ओली झाली की सुटते. हरळीची भूकही नेमकी तशीच चालते. नायट्रेट मंदावणारी कडू द्रव्यंही तिच्यात असतातच. हिरवळीचं एक जुनं आणि आजही खपणारं सावकाश खत याच तत्त्वावर चालतं. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराने १९२६ पासून आपल्या सांडपाण्याचा वाळवलेला गाळ 'मिलोर्गनाइट' नावाने विकायला सुरुवात केली आणि गोल्फच्या मैदानांनी तो उचलला. सेंद्रिय खताचा एकच तोटा म्हणजे ते वजनाने खूप लागतं. पसरायला मजूर लागतो आणि चार-सहा दिवस वास राहतो.

आता हे सगळं दिल्लीच्या वर्षात बसवू. फेब्रुवारीच्या अखेरीस दूब जागी होते, ती साठवणीतल्या साखरेवर. या वेळी गवताची मुळं नवी फुटत असतात, म्हणून पहिला हिरवा कोंब दिसताच नत्र घालू नये. दोन वेळा कापणी झाली, निम्म्याहून जास्त हिरवळ उठली, की मार्चच्या मध्याला किंवा अखेरीला पहिला हप्ता द्यावा. पेंड असेल तर ती तीन-चार आठवडे आधी, म्हणजे फेब्रुवारीतच शेणखताबरोबर पसरावी. मातीला ऊब येईल तसं ते नत्र आपोआप वेळेवर पोचतं.

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत गवत उष्णतेला घाबरत नाही, ते पाण्याच्या तुटवड्याला घाबरतं. पाणी पुरेसं असेल तर छोटे हप्ते चालतात. पाणी कपातीचे दिवस असतील तर नत्र पूर्ण थांबवावं, कारण जास्त पानं म्हणजे जास्त बाष्प. मग पावसाळा. दिल्लीला वर्षाला सरासरी पावणेआठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला सुमारे चार पंचमांश जून ते सप्टेंबरच्या दरम्यान. हवेत विजा आणि मातीत ओल यांमुळे गवत तसंही उसळलेलं असतं. या काळात विरघळणारा युरिया मोठ्या मापाने घालणं म्हणजे नत्र नाल्यात घालणं. द्यायचंच तर गंधकलेपित किंवा पेंड, तेही जुलैच्या सुरुवातीला एकदा. दमट हवेत नत्राने माजलेल्या मऊ पानांवर बुरशीचे तपकिरी चट्टे पडतात, तेही टळतात.

सप्टेंबर-ऑक्टोबर हा माझ्या लेखी दिल्लीच्या हिरवळीचा सगळ्यांत मोलाचा काळ. रात्री गार होऊ लागतात, पानांची वाढ मंदावते, पण ऊन अजून भरपूर असतं. गवत जी साखर करतं ती काशांत साठवतं आणि याच साठवणीवर ते फेब्रुवारीत उठणार असतं. सप्टेंबरच्या मध्याला दिलेला हलका हप्ता चांगला. ऑक्टोबरच्या मध्यानंतर दिलेलं नत्र मात्र गवताला कोवळी पानं काढायला लावतं, साठवण खर्च होते आणि ती पानं पहिल्या कडाक्याच्या थंडीत जळतात. लांब मुदतीचं खत इथे आणखी घात करतं, कारण सप्टेंबरअखेर घातलेलं तीन महिन्यांचं खत नोव्हेंबरातही नत्र सोडत राहतं. सावकाश खत म्हणजे कधीही घालायला सुरक्षित खत, हा गैरसमज इथे सर्वांत महागात पडतो. दिवाळीला पाहुणे यायचे म्हणून युरिया घालू नका.

आणि घालण्याआधी गवताला नत्रच हवंय का हे पाहा. नत्राची उणीव असेल तर आधी जुनी, खालची पानं पिवळी पडतात आणि सगळी हिरवळ एकसारखी फिकी दिसते. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या असतील तर तो लोहाच्या कमतरतेचा केवडा आहे. चढ्या सामूच्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. अशा हिरवळीला युरिया घातला तर वाढ होते आणि पिवळेपणा उलट वाढतो. लिटरला पाच ग्रॅम फेरस सल्फेटची फवारणी संध्याकाळी केली की तीन-चार दिवसांत फरक दिसतो. फरशीवर ते पाणी पडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत. झाडाखालची हरळी विरळ होते ती सावलीमुळे. तिथे नत्र घातलं तर ती आणखी लवकर जाते.

मापाचं बोलू. घरगुती हरळीला वर्षाला चौरस मीटरमागे १० ते २० ग्रॅम नत्र पुरतं. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद हिरवळीला मधलं माप धरलं तर दीड किलो नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे वर्षाला सव्वातीन किलो युरिया. तो पाच-सहा हप्त्यांत वाटला तर एका हप्त्याला साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला चहाच्या चमच्याएवढा. मूठ हे माप नव्हे. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्वतःची मूठ मोजून पाहा. युरिया कोरड्या पानांवर, दुप्पट वाळूत मिसळून, निम्मा उभा आणि निम्मा आडवा फेकावा, म्हणजे पट्टे उमटत नाहीत. पेंडीने एवढंच नत्र द्यायचं तर वर्षाला तीस किलोच्या वर पेंड लागेल. म्हणून निम्मं पेंडीतून आणि निम्मं युरियातून हा व्यवहार्य मार्ग आहे: पेंडीचा पठार-प्रतिसाद पायाशी राहतो आणि गरज पडेल तेव्हा युरियाचा छोटा हप्ता वर देता येतो. कापलेलं गवत पिशवीत भरून फेकण्याऐवजी बारीक कापून जागेवर पडू दिलं तर गवताच्या गरजेचा सुमारे चौथा हिस्सा नत्र परत मिळतं. अट इतकीच की एका वेळी पानाच्या उंचीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग कापायचा नाही.

यंदाच्या मार्चमध्ये तुमच्या हिरवळीच्या कडेला एक-एक मीटरचे तीन पट्टे दोरीने आखा. एकाला काही घालू नका, एकाला युरिया, एकाला समान नत्राची पेंड. आठवड्याला कापलेलं गवत वेगळं तोला आणि आठ आठवडे लिहून ठेवा. तो कागद सोसायटीच्या माळ्याला दाखवा, समितीच्या बैठकीत ठेवा, आणि नत्राचा पुढचा हप्ता त्या आकड्यांवरून ठरवा. युरियाची गोण हल्ली ४५ किलोची येते. शंभर चौरस मीटर हरळीला, सगळं नत्र केवळ तिच्यातूनच दिलं तरी, ती हिशेबाने तेरा वर्षांहून जास्त पुरते.